नाव शेवटी बघायचं

कुरोसेत कुणी जास्तच छातीठोकपणे बोलायला लागलं की लोक त्याला गप्प करत, "तू काय शिगेझो लागून गेलास का?" म्हणजे न चुकणारा माणूस गावात एकच, तलवारींना झिलई करणारा शिगेझो कुवाजिमा, आणि बाकीच्यांनी आपापलं तोंड सांभाळावं. हल्ली असं कुणी म्हणत नाही. का म्हणत नाही हे सांगायचं तर त्या माणसाची सगळीच हकीकत सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला अजून राग येतो. कुणाचा, ते मात्र नीट ठरवता येत नाही.

सकाळची पेज झाली की शिगेझो आपल्या दगडांपुढे बसायचा. बुटकं स्टूल, समोर पाण्याचं घंगाळ, उजव्या पायाने दाबून धरलेला दगड आणि दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेलं पातं. खरखरीत दगडापासून सुरुवात करून शेवटी नखाएवढ्या चिपेवर यायचं आणि ती चीप अंगठ्याखाली धरून पोलाद जागं करायचं, असं ते काम. आयुष्यभर तसंच बसल्यामुळे त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. रस्त्याने चालताना तो नेहमी कुणाच्या तरी कानात काही सांगायला वाकल्यासारखा दिसे. खरं तर तो फारसं बोलायचाच नाही.

पण त्याचा डोळा! चहाचा पेला, लाखेचा डबा, जुनी कुलपं, लोक काहीही त्याच्यापुढे आणून ठेवत. खालच्या पेठेत सोबा शेवयांचं दुकान चालवणाऱ्या कियोजीने तर पुतणीला सांगून आलेला मुलगाच एकदा त्याच्यापुढे नेऊन बसवला. शिगेझोने त्या मुलाला उभं केलं, दोन पावलं चालायला लावलं, हात बघितले आणि तो गेल्यावर म्हणाला, "घाट बरा आहे. पाणी कमी आहे." तरी लग्न झालं आणि पोरगी वर्षाच्या आत माहेरी परत आली. तेव्हापासून कियोजी त्याच्याकडून शेवयांचे पैसे घेताना ओशाळायचा. शिगेझोची बायको फुसाए या सगळ्याला हसायची. "माझं नाव यांनी लग्न ठरल्यावर विचारलं," ती सांगायची, "आधी मला पाठमोरी बघितली म्हणे."

त्यात तिची थट्टा होती, पण ती खरीच रीत होती. शिगेझोचे गुरू गोहेई निशिओ यांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलेली. "आधी घाट बघ. मग पोलादाचा पोत बघ. मग पाण्याची रेघ कशी गेली आहे ते बघ. मग मूठ काढ आणि शेपटीवरचा गंज बघ. नाव शेवटी बघायचं. नाव आधी बघितलंस की डोळे बघायचं सोडतात आणि शोधायला लागतात."

पाण्याची रेघ म्हणजे तापलेल्या धारेला पाणी देताना पात्यावर उमटते ती, आणि शेपटी म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. कारागीर आपलं नाव छिन्नीने तिथेच कोरतो आणि तो भाग कधी घासायचा नसतो. बैलाचं वय दातांवरून तसं तलवारीचं या गंजावरून. नावाचं काय, नाव कुणीही कोरतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा अशा तलवारी या धंद्यात ढिगाने आहेत. जुन्या काळी व्यापारी साध्या पात्यावर थोरामोठ्यांची नावं बिनदिक्कत घालत. असं खोटं नाव सापडलं की ते कानशीने काढून टाकायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. अनामिक तलवारीला मान असतो, खोटं बोलणाऱ्या तलवारीला नसतो. आणि काढलेल्या नावाचा ठसा कागदावर घेऊन ठेवायचा नाही. गोहेई म्हणायचे, खोट्याचा ठसा ठेवला की ते पुन्हा जन्माला येतं.

कियोजीच्या दुकानाच्या माडीवर दर महिन्याला पारखी मंडळी जमायची. पाती मांडलेली असत, शेपट्यांवर कापड घट्ट बांधलेलं असे. एकेकाने पातं उचलायचं, कपाळाशी नेऊन नमस्कार करायचा, बघायचं आणि मनातलं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. पातं उघडं असताना बोलायचं नाही, थुंकीचा थेंब उडाला तरी पोलादाला डाग पडतो. नाव झाकलेलं असताना शिगेझो चुकला असं आमच्यापैकी कुणालाही आठवत नाही. आणि हीच गोष्ट पुढे त्याच्या मुळावर आली, कारण एकदा त्याच्यापुढे नाव उघडं आलं.

माडीच्या भिंतीवर चौकटीत एक ठसा लावलेला होता, मोरित्सुराच्या सहीचा. मोरित्सुरा हा आमच्या कुरोसेचा एकमेव मोठा माणूस. साडेचारशे वर्षांपूर्वी त्याने नदीतली काळी लोखंडी वाळू वितळवून तलवारी केल्या. युद्धं झाली, आगी लागल्या, त्याच्या तलवारी गेल्या. उरली ती एक, लोखंडाच्या देवीच्या, कानायागोच्या देवळात. त्या एकीवरून सगळं गाव मान वर करून चालतं. गोहेईंनी पूर्वी देवळात जाऊन तिच्या सहीचा ठसा घेतला होता, तोच हा. त्यानंतर ती तलवार पेटीबाहेर आली नाही. तिची परीक्षा कुणी केली नव्हती, कारण देवीच्या तलवारीची परीक्षा करत नाहीत. आमची देवी साधीसुधी नाही. ती रागीट आहे, बायकांचा मत्सर करते आणि मेलेल्या माणसाचं तिला वावडं नाही. भट्टी पेटत नसेल तर तिच्या खांबाला प्रेत टेकवून ठेवा, असं तिनेच जुन्या लोहारांना सांगितलं होतं म्हणतात. अशा देवीला तुझी वस्तू खरी का खोटी, असं विचारणार कोण?

नदीच्या वरच्या अंगाला काजितानींचं घर होतं. आपण मोरित्सुराचे वंशज आहोत असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. त्यांच्या थडग्याच्या दगडावरही तसं कोरलेलं होतं आणि घरात मोरित्सुराची एक तलवार आहे म्हणे. पण ती ते कुणाला दाखवत नसत आणि पोटासाठी तर विळे-कोयते करत, म्हणून गाव त्यांना 'विळ्याचे वंशज' म्हणायचं. आमच्या लहानपणी त्यांची पोरं शाळेत आली की आम्ही गवत कापायची नक्कल करायचो. आता ते आठवलं की तोंड कडू होतं.

त्या घरात शेवटी एकट्या यासुआजी उरल्या. नवरा गेला होता, मुलगा तादाओ डोंगरात लाकूडतोडीत झाडाखाली सापडून गेला होता. पर्सिमनची फळं सोलून पडव्यांना टांगायचे दिवस होते तेव्हा म्हातारी फिक्या निळ्या कापडाची लांबट गुंडाळी घेऊन कियोजीच्या माडीचे जिने चढून आली. आमची बैठक भरलेली होती. आजपर्यंत त्या माडीवर बाईमाणूस चहा द्यायलासुद्धा आलेलं नव्हतं.

आजींनी दारातच गुडघे टेकले. आपण या वस्तूला जन्मात हात लावला नव्हता, देवीचा कोप नको म्हणून. पण आता घरात पुरुष उरला नाही, असं त्यांनी सांगितलं. पेटी उघडली तर मूठ किडीने पोखरून गेली होती, हातातच तिचा भुगा झाला. म्हणून पातं तसंच उघडं आणलं आहे. शिगेझोकाकांनी एकदा सांगावं, हे मोरित्सुराचं आहे की नाही. आपल्या मागे कोणी नाही. पण गाव म्हणतं ते खरं, की घर म्हणतं ते खरं, एवढं कळून डोळे मिटायचे आहेत.

शिगेझोने गुंडाळी पुढे घेतली. म्हातारीने ती उलटी बांधली होती. कापडातून आधी शेपटी बाहेर आली, खिडकीतलं ऊन सरळ तिच्यावर पडलं आणि नाव त्याच्या डोळ्यांत भरलं.

ते नाव ओबडधोबड होतं. रेघा जाडजूड, शेतातल्या माणसाने काठीने मातीत ओढल्यासारख्या. शिगेझोने मान वळवून भिंतीवरच्या ठशाकडे बघितलं. तिथली सही कशी देखणी, वळणदार, शेवटचा फटकारा डावीकडे उडालेला. त्याने पुन्हा खाली बघितलं आणि म्हणाला, "नाही."

"नाही म्हणजे?" आजींनी विचारलं.

"नाव खोटं आहे, आजी. मागाहून कुणीतरी घातलेलं आहे."

कियोजी हसला नाही, पण त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं हे मी बघितलं. आजींनीही बघितलं असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "पातं अजून कापडातच आहे, काका."

तेव्हा शिगेझोने पातं बाहेर काढून त्यावरून नजर फिरवली, पण ती रीत म्हणून. तोंडातून शब्द गेला होता. माडीवर एवढे लोक बसलेले, आणि शिगेझो कुवाजिमाचा शब्द.

आजींनी रिकामं निळं कापड घडी घालून मांडीवर ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "काढून टाका ते नाव. वर गेल्यावर सासऱ्यांना तोंड दाखवायचंय मला. कपाळावर खोटं घेऊन नाही जायचं."

पातं शिगेझोच्या घरी आलं आणि पडून राहिलं. ज्याने कधी काम लांबणीवर टाकलं नाही त्याने हे काम पहिला बर्फ दिसेपर्यंत टाळलं. अधूनमधून तो पातं काढून बघत बसायचा. आता रीतसर बघत होता, पण उशिरा. घाट आखूड, एका हाताने चालवायचा, त्या काळाला शोभेलसा. पोलाद काळसर, ओलसर, संध्याकाळी आमच्या नदीचा तळ दिसतो तसं. पाण्याची रेघ सरळ, मुकाट, टोकाजवळ जरा विसकटलेली. हे लोखंड याच खोऱ्यातलं आहे हे त्याला कळत होतं. असेल इथल्याच कुणा अनामिकाचं, असं त्याने स्वतःला सांगितलं. अक्षरांच्या चरांतला गंज बाहेरच्या गंजाइतकाच काळा आणि मऊ होता. तो खोटं बोलणाराही जुना असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. शहाण्या माणसाला स्वतःची समजूत घालायला कारणं कमी पडत नाहीत, तोच तर त्याच्या शहाणपणाचा शाप.

फुसाएला हे बरं वाटत नव्हतं. "ठसा तरी घेऊन ठेवा," ती म्हणाली.

"खोट्याचा ठसा ठेवत नाहीत."

"आणि ती देवळातली? ती खरी असं गुरुजी कधी तुम्हाला म्हणाले होते?"

शिगेझोने आठवून बघितलं. म्हणाले नव्हते. पण खोटी असंही म्हणाले नव्हते. तो बायकोवर खेकसला, "देवीच्या तलवारीची परीक्षा करतात का कुणी?" त्यावर फुसाए उठून आत गेली. मागाहून तिनेच हे सांगितलं, आणि सांगताना म्हणाली, तेव्हा आत न जाता ती कानस विहिरीत टाकली असती तर बरं झालं असतं.

त्याने अखेर काम काढलं त्या सकाळी हवा अगदी पडली होती. नदीचा आवाजही वर येत नव्हता. शिगेझोने पातं फडक्यात बांधून लाकडी चिमट्यात धरलं आणि कानस चालवली. दोनचार हातांतच ती सटकली आणि अंगठ्यात घुसली. पंचेचाळीस वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं. शेपटीवर रक्त सांडलं. रक्तात मीठ असतं, म्हणून त्याने अंगठ्याआधी शेपटी पुसली, मग चिंधी बांधली आणि पुन्हा बसला. वरचा गंज गेला, खालचं लोखंड पांढरं चमकू लागलं, अक्षरं बारीक होत चालली. पण ती जाईनात. चर त्याला वाटले होते त्याहून खोल होते. नकली नाव घालणाऱ्याची छिन्नी भीत भीत चालते, दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखी. हे गोहेईंनी शिकवलं होतं आणि शिगेझोने स्वतः शेकडो वेळा बघितलं होतं. ही छिन्नी मात्र घरच्या धन्यासारखी ठणाठण चालली होती.

त्याचा हात थांबला. फुसाएने दारातून बघितलं, तो कानस वर धरून नुसता बसला होता आणि बांधलेल्या अंगठ्यातून रक्त टपकत होतं. अर्धं नाव गेलेलं, अर्धं उरलेलं. आता थांबून उपयोग काय, अर्धवट पुसलेलं नाव म्हणजे दुप्पट खोटं, असं तो पुटपुटला आणि त्याने उरलेलं घासून टाकलं.

बर्फाने वाट बंद होण्याआधी तो नवी मूठ बसवून, नव्या पांढऱ्या म्यानात पातं घालून काजितानींच्या घरी देऊन आला. आजींनी मूठ काढून दाखवायला सांगितली. काळ्या शेपटीच्या मधोमध तो लखलखीत डाग बघून त्या म्हणाल्या, "जखमेसारखं दिसतंय." शिगेझोने सांगितलं की आपण खोटा गंज चढवत नाही, तो आपोआप येईल. कधी येईल, असं त्यांनी विचारलं. "तेव्हा आपण कुणी नसू, आजी," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात बर्फ फार पडलं. देवळाच्या छपराची एक बाजू त्या वजनाने बसली आणि वितळलेलं पाणी झिरपत झिरपत तलवारीच्या पेटीत शिरलं. वसंतात पुजारी कात्सुबे यांनी पेटी उघडली तर पात्यावर लाल गंजाचे ठिपके. देवीची तलवार अशी ठेवता येईना. पुजाऱ्यांनी पूजा केली, माफी मागितली आणि तलवार रेशमात गुंडाळून शिगेझोच्या घरी आणली. आता तिला झिलई हवी होती आणि झिलईला मूठ काढावीच लागते.

फुसाए सांगते, त्या दिवशी नवरा नवा अंगरखा घालून बसला होता. ज्या सहीच्या ठशावर आयुष्य काढलं ती सही तो पहिल्यांदाच डोळ्यांनी बघणार होता. त्याने हात धुतले, नमस्कार केला आणि पातं म्यानातून काढलं.

या वेळी क्रम बरोबर होता. आधी घाट. घाट नाजूक होता, दरबारी. शिगेझोच्या कपाळावर आठी आली. मग पोत. पोलाद फिकट आणि स्वच्छ, आमच्या नदीचा काळेपणा त्यात नावालाही नव्हता. मग पाण्याची रेघ. ती लाटांवर लाटा घेत गेलेली, बघणाऱ्याने वाहवा करावी म्हणून काढलेली. पुजारी कात्सुबे समोर बसून चहा पीत होते आणि छपराच्या दुरुस्तीचं काहीतरी सांगत होते.

मुठीतली बांबूची खुंटी अडकून बसली होती. लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून ती निघाली आणि मूठ सरकली. शेपटीतून एक वास आला. त्या वासाने, फुसाए म्हणते, त्यांच्या तोंडावरचा रंगच गेला. उकळलेल्या चहाचा आणि काहीतरी जळक्याचा वास. गंज सगळीकडे सारखा, भिंतीला रंग द्यावा तसा. शिगेझोने नखाने कोपऱ्यात खरवडलं, तर तो सालीसारखा निघाला. मग त्याने डोळे मिटून सहीवरून बोट फिरवलं. चरांच्या कडा अजून बोटाला लागत होत्या. साडेचारशे वर्षांचं लोखंड असं बोटाला लागत नाही. हे फार तर शंभरएक वर्षांपूर्वी कुणीतरी बसून, चहात उकळून खोटा गंज चढवून, फार सुंदर अक्षरात केलेलं काम होतं.

पुजाऱ्यांनी विचारलं, "काय काका, फार खराब झाली का?"

शिगेझोचं बोट सहीवरच होतं. त्याला गोहेई आठवत होते. ठसा घेऊन देवळातून परत आले त्या दिवशी ते विहिरीवर किती वेळ हात धूत बसले होते. शिगेझो तेव्हा नवाच होता. त्याने विचारलं होतं, कशी आहे हो तलवार? आणि गोहेई म्हणाले होते, "देवीला आवडली आहे. देवीला नाव विचारू नये." त्याला ती भक्ती वाटली होती. गुरूने झाकली मूठ झाकलेली ठेवली आणि शिष्याने ती सव्वा लाखाची समजून भिंतीवर टांगली. ज्या एका तलवारीवर बाकी सगळ्या घासून बघायच्या, ती एकटीच कुणी कधी घासून बघितली नव्हती.

आणि मोरित्सुराची खरी सही त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकली होती, अंगठा कापून घेऊन, दमादमाने, शेवटच्या रेघेपर्यंत. जगात एकच होती. देवीला मेलेल्या माणसाचं वावडं नाही म्हणतात. मेलेल्या नावाचंही नसावं.

तो गप्प राहू शकला असता. गोहेई राहिले होते. पण हा माणूस गोहेई नव्हता, आणि एवढ्यासाठी मी त्याला मानतो. पुढच्या बैठकीत त्याने आम्हाला सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. पुजाऱ्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. शेवटी कियोजीच बोलला, आणि हळू आवाजात बोलला, ते जास्त वाईट. "काका, देवळातली खोटी म्हणता. मग खरी कुठाय, ती दाखवा ना."

शिगेझोने खिडकीतून नदीच्या वरच्या अंगाला हात केला.

"विळेवाल्यांची?" कियोजी म्हणाला. "तिच्यावर तर नाव नाही."

दुसऱ्या दिवशी पुजारी झिलई न करताच तलवार घेऊन गेले. भिंतीवरचा ठसा तिथेच राहिला. काकांचं वय झालं, एवढंच लोक म्हणाले, आणि तेही प्रेमाने. आम्ही सगळ्यांनी त्याला सोडलं ते असं प्रेमाने, मीही.

मग तो नदीच्या कडेकडेने वर गेला. काजितानींच्या घराआधी त्यांचं थडगं लागतं. तिथे तो थांबला, कारण दगड वेगळा दिसत होता. मोरित्सुराचं नाव होतं ती ओळच्या ओळ छिन्नीने तासून काढलेली होती. तासलेला भाग पांढराफटक दिसत होता आणि दगडाची भुकटी अजून खाली गवतावर पडलेली होती. आजींनी बर्फ वितळताच पाथरवट बोलावला होता.

आजी अंथरुणावर होत्या, पण शुद्धीवर होत्या. शिगेझोने त्यांच्यापुढे कपाळ जमिनीला टेकवलं आणि सगळं सांगितलं. तुमचं घर म्हणत होतं तेच खरं होतं, आजी. ते पातं मोरित्सुराचं आहे. नाव खरं होतं.

म्हातारीने त्याला उठायला सांगितलं नाही. तिने पातं आणायला लावलं, मूठ काढायला लावली आणि त्या पांढऱ्या डागावर आपलं सुरकुतलेलं बोट ठेवलं. देवीच्या भीतीने जन्मभर ज्याला हात लावला नाही त्या लोखंडावर ते बोट मागेपुढे फिरत राहिलं, जसं काही तिथे अजून वाचण्यासारखं आहे.

"खरं आहे, असं कोण म्हणतं?" तिने विचारलं.

"मी म्हणतो, आजी."

"खोटं आहे, असंही तुम्हीच म्हणाला होतात," ती म्हणाली आणि बोट काढून घेतलं.